थ्री नॉट थ्री की तीनशे पंधरा? आजोबांच्या रायफलीला नेमकी गोळी कुठली

नेहमीप्रमाणे, ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही किंवा ऐकून झाल्यावर परत एकदा नीट वाचायचंय, त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना आलेली 'म्हणजे काय ना'ची माळ काढून टाकलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

या भागाचा विषय सुरू झाला एका व्हॉट्सॲप फोटोवरून. रात्री साडेअकराला मामांचा मेसेज आला. माझ्या मामांची शेती मोहोळ तालुक्यात आहे. फोटोत एका तळहातावर तीन काडतुसं. खाली व्हॉइस नोट : "अरे, आपल्या आबांच्या रायफलीला ही गोळी बसती का बघून सांग की. एक ओळखीचा माणूस द्यायलाय. मिलिटरीची आहे म्हणतोय, एकदम ओरिजिनल. डुकरांनी दोन रात्रीत अर्धा एकर मका आडवा केलाय रे. काय करावं माणसानं?"

मी पॉडकास्टवाला माणूस. मामांना वाटतं मला मोबाईलमधलं सगळं कळतं, म्हणजे जगातलं सगळं कळतं. मला काडतुसातलं काहीही कळत नव्हतं. पण 'मिलिटरीची आहे, ओरिजिनल आहे' हे ऐकून मला जरा भीती वाटली. म्हणून मी त्यांना एवढंच लिहिलं : "मामा, तुम्ही ती गोळी हातात पण घेऊ नका. घरात तर आणूच नका. मला दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांचे पंधरा दिवस झाले. वाचलं, शहरातल्या एका जुन्या परवानाधारक शस्त्र दुकानदारांकडे जाऊन तासभर बसलो, मामांच्या परवान्याचं पुस्तक पानापानानं बघितलं. त्यातून जे कळलं ते सांगतो. आजोबांची, पणजोबांची जुनी रायफल घरी असलेली आपल्याकडे बरीच कुटुंबं आहेत, आणि 'हिला गोळी कुठली?' हा प्रश्न कधी ना कधी सगळ्यांना पडतो.

घरातल्यांनी ठेवलेलं नाव

आबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, या रायफलीला 'थ्री नॉट थ्री' म्हणायचे. सगळं गाव म्हणायचं. दिसायलाही ती तशीच : लाकडी दस्ता, उजवीकडे मागं-पुढं ओढायचा बोल्ट, खाली छोटी मॅगझिन. जुन्या पिक्चरमध्ये हवालदाराच्या खांद्यावर असते तशी. २००८ च्या मुंबई हल्ल्यात सीएसटी स्टेशनवरच्या पोलिसांकडं ज्या जुन्या रायफली होत्या म्हणून इतकी चर्चा झाली, त्या थ्री नॉट थ्री. मूळ नाव ली-एनफिल्ड.

पण परवान्याचं पुस्तक उघडलं तर त्यात लिहिलं होतं : रायफल, .३१५ बोअर.

इथं मला पहिला धक्का बसला. पन्नास वर्षं घरात एक नाव, आणि कागदावर दुसरंच. दुकानदार काका हसले. म्हणाले, "दर दहातले चार-पाच जण हेच म्हणत येतात. रायफल कशी दिसते ते बघू नको. परवान्यावर काय लिहिलंय आणि नळीवर काय कोरलंय, ते बघ. दोन्ही जुळलं तर पुढं बोलू."

आबांच्या नळीवर .३१५ कोरलेलं होतं. म्हणजे ती थ्री नॉट थ्री नव्हतीच. थ्री नॉट थ्रीच्याच सांगाड्यावर बनवलेली, पण वेगळं काडतूस खाणारी रायफल. ही आपल्याकडं पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात बनते. त्याच कारखान्यानं आधी सैन्यासाठी थ्री नॉट थ्री बनवल्या होत्या, म्हणून चेहरा सारखा.

सारख्या चेहऱ्याच्या दोन रायफली का?

याचं उत्तर इंग्रजांच्या भीतीत आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनी एक गोष्ट मनात पक्की केली : हिंदुस्थानातल्या लोकांच्या हातात चांगलं हत्यार जाता कामा नये. १८७८ साली शस्त्र कायदा आला. पण नुसता परवाना ठेवून भागत नव्हतं. समजा एखाद्या जमीनदाराला शिकारीसाठी रायफल दिली, आणि तिला सैन्याचीच गोळी चालत असेल, तर? छावणीतून चोरलेली एक पेटी त्या रायफलीला कामाची होणार. म्हणून उपाय असा काढला की सामान्य माणसाच्या रायफलीचं काडतूसच वेगळं ठेवायचं. गोळी चोरली तरी ती बसायलाच नको.

१९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या गोळ्यांवर हिंदुस्थानात बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या मापाची गोळी चालायची. त्या एका बंदीमुळं इंग्लंडमधल्या बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांनी .४७०, .४६५ अशी नवीन मापं काढली. हत्ती-वाघांच्या शिकारीच्या गोष्टींत जी मोठमोठी मापं वाचतो, त्यातली काही केवळ हिंदुस्थानातल्या या नियमामुळं जन्मली.

आणि थ्री नॉट थ्रीच्या जागी आलं .३१५. हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं. १८९० च्या आसपासचं, आठ मिलिमीटरचं, मॅनलिखर रायफलीसाठी बनवलेलं. इंग्रजांच्या सैन्यात ते वापरात नव्हतं, म्हणून हिंदुस्थानातल्या लोकांना द्यायला 'सुरक्षित'. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं ली-एनफिल्डच्याच जातीच्या शिकारी रायफली या मापात बनवून इकडं विकल्या. स्वातंत्र्यानंतर ईशापूरनं तीच परंपरा पुढं चालवली.

पोलिसांवरसुद्धा इंग्रजांचा भरवसा नव्हता. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी थ्री नॉट थ्रीची नळी आतून गुळगुळीत करून .४१० ची मस्केट बनवली. बाहेरून रायफल, आतून जवळच्या टप्प्यापुरती बंदूक.

ही भीती किती खरी होती ते आपल्या सोलापूरला वेगळं सांगायला नको. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर काही दिवस इंग्रजांच्या हातातून सुटलं होतं, आणि मग मार्शल लॉ लागला. चार हुतात्मा चौकातून जाताना आपण जे चार पुतळे बघतो ते त्याच गोष्टीतले. असल्या शहरात माणसांच्या घरी सैन्याची गोळी चालणारी रायफल असावी, असं कुठल्या इंग्रज साहेबाला वाटलं असतं?

भिंत अजून उभी आहे

इंग्रज गेले, १९५९ चा शस्त्र कायदा आला, पण ही भिंत तशीच राहिली. आजही .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं सैन्याचं काडतूस चालेल अशी रायफल 'प्रोहिबिटेड बोअर' मध्ये मोडते. दुकानदार आणि पोलीस थोडक्यात 'पीबी' म्हणतात. तिचा परवाना कलेक्टर देऊ शकत नाहीत, तो केंद्राच्या हातात. .३१५ मात्र 'एनपीबी', म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड. तिचा परवाना ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, आणि सोलापूर शहरात पोलीस आयुक्त देतात.

आता मामांच्या फोटोकडं परत येऊ. समजा ती तीन काडतुसं खरोखर 'मिलिटरीची' असतील, तर मामांच्या .३१५ च्या परवान्यावर ती ठेवता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार किंवा त्याचा दारूगोळा बेकायदा जवळ ठेवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल चौदा वर्षं. तीन काडतुसांसाठी. अर्ध्या एकर मक्यासाठी.

मी हे मामांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "एवढं?"

फोटोतली गोळी ओळखायची कशी

मामांचा मुद्दा होता : "अरे पण खाली केएफ लिहिलंय. आबांच्या डब्यातल्या गोळ्यांवर पण केएफच आहे."

बरोबर आहे. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. १८६९ पासूनचा. आता तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. पण खडकीनं सैन्याचीही काडतुसं बनवली आणि परवानाधारकांचीही. केएफ हे आडनाव झालं. एकाच आडनावाची दोन माणसं असू शकतात.

मग फरक कुठं? काकांनी मला कागदावर दोन आकृत्या काढून दाखवल्या.

थ्री नॉट थ्रीची पितळी पुंगळी ५६ मिलिमीटर लांब. .३१५ ची ५० मिलिमीटर, पण बुडाशी जरा जाड. गंमत म्हणजे गोळीसकट पूर्ण काडतूस जवळपास सारख्याच लांबीचं भरतं, म्हणून नुसतं शेजारी धरून बघणारा फसतो. पुंगळी कुठं संपते ते बघायचं.

दुसरा फरक गोळीच्या टोकात. सैन्याच्या थ्री नॉट थ्रीची गोळी टोकदार, पेन्सिलीसारखी, पूर्ण धातूच्या कवचात. १९१० पासून हीच चालू होती, मार्क सेव्हन म्हणतात. तळावर पुष्कळदा सातचा आकडा असतो. .३१५ ची शिकारी गोळी बोथट, गोल नाकाची, आणि नाकाशी शिसं उघडं.

मी फोटो मोठा करून बघितला. टोकदार. पूर्ण कवच. लांब पुंगळी. तळावर केएफ, आणि सात.

नावातलं माप आणि खरं माप

इथं जरा तांत्रिक, पण सोपं करून सांगतो.

रायफलीच्या नळीत आतून पीळ कोरलेला असतो. त्यात उंचवटे आणि चऱ्या असतात, स्क्रूच्या आट्यांसारख्या. गोळी त्यात घट्ट धरली जाते आणि फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. नावातलं माप बहुतेक वेळा उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंतचं असतं. पण गोळीला चऱ्याही भरायच्या असतात, म्हणून गोळी नावापेक्षा जाड असते. थ्री नॉट थ्रीची गोळी .३०३ इंच नसते, ती .३११ ते .३१२ असते. .३१५ ची गोळी .३२३ च्या आसपास.

हे न कळल्यामुळं जगभर लोक फसतात. जर्मनीच्या जुन्या आठ मिलिमीटर माउझरचं उदाहरण घ्या. १८८८ च्या रायफलीची गोळी .३१८ इंच, आणि १९०५ नंतरची .३२३. दोन्हीला लोक 'आठ एमएम माउझर'च म्हणतात. पाच हजारांश इंचाचा फरक, पण जाड गोळी बारीक नळीत कोंबली की दाब वाढतो. आणि दाब किती, तर थ्री नॉट थ्रीच्या चेंबरमध्ये चौरस इंचाला चाळीस हजार पौंडांच्या वर जातो. तुमच्या बाईकच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो. हा दाब आणि तुमचा डोळा यांच्यामध्ये फक्त एक बोल्ट आणि पातळ पितळ असतं.

उलट, बारीक गोळी जाड नळीत सोडली तर ती पीळ नीट धरत नाही, डगमगत जाते. शिकारीत याचा अर्थ जखमी जनावर.

म्हणून अमेरिका, कॅनडात जिथं जुन्या लष्करी रायफली लोकांना विकत मिळतात, तिथं जाणकार माणूस आधी नळीचं खरं माप घेतो आणि मग गोळी निवडतो. आपल्याकडं हे काम परवानाधारक गनस्मिथचं. घरी करायचं नाही.

युद्धाची गोळी शिकारीला का चालत नाही

समजा कायद्याची अडचण नाही, माप जुळतंय, तरी सैन्याची गोळी जनावराला मारायला वाईट. हे मला सगळ्यात जास्त चकित करून गेलं, आणि याची सुरुवात पण आपल्याच देशात झाली.

कोलकात्याजवळ दमदमला इंग्रजांचा दारूगोळा कारखाना होता. १८९० च्या दशकात तिथं अशी गोळी बनवली की जिच्या टोकाचं शिसं उघडं ठेवलं. अंगात शिरली की टोक फुलतं, छत्रीसारखं उघडतं, मोठी जखम करतं. तीच 'दमदम बुलेट'. यावर जगभर ओरड झाली आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेत युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरलं. तेव्हापासून सैन्याची गोळी म्हणजे पूर्ण कवचाची.

पण शिकारीचा नियम बरोबर उलटा. जनावर पटकन, एका गोळीत मरावं, तडफडू नये, म्हणून फुलणारी गोळीच लागते. पूर्ण कवचाची गोळी रानडुकराच्या अंगातून आरपार जाऊ शकते. डुक्कर पळतं, ऊसात शिरतं, दोन दिवस कुजत मरतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऊसतोड करणाऱ्या बाईच्या अंगावर येतं. आणि आरपार गेलेली गोळी थांबत नाही. असल्या रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. मोहोळ, उत्तर सोलापूरकडचं रान आठवा. सपाट माळ, मध्ये एक डोंगर नाही, आणि दर अर्ध्या किलोमीटरवर वस्ती. अंधारात त्या वस्तीतला दिवासुद्धा दिसत नाही.

म्हणून आबांच्या .३१५ साठी योग्य काडतूस एकच : .३१५ चंच, कारखान्यातून आलेलं, उघड्या शिशाच्या नाकाचं, सुमारे २४४ ग्रेन म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम वजनाच्या गोळीचं. परवानाधारक दुकानातून, स्वतःच्या परवान्यावर, पुस्तकात नोंद करून, त्यावर लिहिलेल्या मर्यादेत. कुणाकडून उसनं नाही, कुणाच्या ओळखीनं नाही.

जिम कॉर्बेटचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांची आवडती हलकी रायफल .२७५ रिग्बी. ते काडतूस मुळात जर्मन माउझरचं लष्करी काडतूसच. पण रायफल त्याच मापाची आणि गोळी शिकारीची. मूळ कुठलं आहे यानं बिघडत नाही. नळी, काडतूस आणि गोळीची बनावट, तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत.

गोठ्याशेजारच्या पाच गोळ्या

आता मामा म्हणाले, "मग आबांच्या डब्यातल्या पाच आहेत की. त्या तर .३१५ च्याच आहेत. कागदावर पण आहेत."

आबा गेले तेव्हा कायद्याप्रमाणे रायफल आणि काडतुसं पोलीस ठाण्यात जमा केली होती. वारसाला ती नुसती घरात ठेवता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. मामांच्या नावावर परवाना झाल्यावर ती परत मिळाली. पण त्याआधी कित्येक वर्षं तो डबा गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होता.

आणि इथं मला एक जुनी गोष्ट सापडली. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवायचे. पावसाळा संपला की पितळी पुंगळ्यांना आपोआप भेगा पडलेल्या दिसायच्या. याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. कारण बरीच वर्षं कळलं नाही. १९२१ साली उलगडा झाला : घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी दाबून बनवताना पितळात राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं.

घोड्यांच्या जागी म्हशी ठेवा. आबांचा डबा.

मी मामांना म्हणालो, त्या पाच दुकानदार काकांकडं घेऊन चला, परवान्याचं पुस्तक बरोबर ठेवा. काकांनी भिंगातून बघितल्या. दोन पुंगळ्यांच्या मानेवर केसासारखी भेग. बाकी तिघींवर हिरवी बुरशी चढल्यासारखा गंज. "तडकलेली पुंगळी चेंबरमध्ये फाटली तर गॅस मागं येतो," काका म्हणाले, "आणि मागं तुमचं तोंड असतं." पाचही बाद. त्यांची विल्हेवाट रीतसर नोंद करून कशी लावायची तेही त्यांनीच सांगितलं. कचऱ्यात किंवा विहिरीत टाकायची नसतात.

जुन्या काडतुसांची आणखी एक खोड : जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत असा मसाला असायचा की उडवल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरायचा. तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजते. नुसत्या तेलानं तो जात नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून इंग्रज शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे आणि मग तेल लावायचे. दादा-आजोबांच्या रायफलींच्या नळ्या आतून खडबडीत का असतात, त्याचं हे एक कारण.

रायफल आहे, गोळी आहे. मग डुक्कर?

हा भाग ऐकणाऱ्या तरुण मंडळींनी सगळ्यात नीट ऐकावा असा आहे. हत्याराचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या खात्यांच्या.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. मौज म्हणून, मटण म्हणून, रील म्हणून, कशासाठीच नाही. आपल्या जिल्ह्यात तर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासून. तिथल्या काळविटांनीही पिकं खाल्ली म्हणून शेतकरी वैतागतात, पण काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं तुरुंग.

रानडुकराचं जरा वेगळं. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कायद्याच्या कलम ११ खाली देता येते, आणि महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली रोही आणि रानडुकरांसाठी तशी पद्धतही घालून दिली. पण परवानगी लेखी लागते, वनविभागाची, अटींसकट. 'मामाच्या शेतात डुक्कर आलं म्हणून उडवलं' ही परवानगी नाही, तो गुन्हा आहे.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेकांना परवान्याची हत्यारं पोलिसांकडं जमा करावी लागतात. डुकरांना आचारसंहिता नसते. ती ऐन हंगामात येतात.

मग मामांनी काय केलं? वनपरिक्षेत्र कार्यालयात पीक नुकसानीचा अर्ज दिला. हा अर्ज नुकसान झाल्यावर लगेच, पहिल्या दोन-तीन दिवसांत द्यायचा, फोटो काढून ठेवायचे, पंचनामा होईपर्यंत आडवं पीक उचलायचं नाही. मामांचा पहिल्या रात्रीचा मका त्यांनी आधीच वैरण म्हणून म्हशींना घातला होता, म्हणून तेवढ्याचा पंचनामा झालाच नाही. दुसऱ्या तुकड्याचा झाला. शेजारच्या तिघांनी मिळून सौर कुंपणाची चौकशी सुरू केलीय. झटका बसतो, जनावर मरत नाही. पण लाईटची तार थेट कुंपणाला जोडायची नाही. त्यात डुकरं मरतात आणि माणसंही.

मारायच्या परवानगीचा अर्ज मात्र मामांनी अजून दिलेला नाही. म्हणाले, "आधी कुंपण बघू. आबांच्या हाताची रायफल आहे, पण माझा हात आबांचा नाही." आबांनी तिच्यातून शेवटची गोळी कधी झाडली, हे घरात कुणालाच आठवत नाही.

जाता जाता, तुमच्यासाठी

तुमच्या घरी असं जुनं हत्यार असेल तर चार गोष्टी याच क्रमानं करा.

एक, परवान्याचं पुस्तक शोधा. मुदत बघा, नाव कुणाचं ते बघा. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस हयात नसेल तर आज पोलीस ठाण्यात जा, उद्या नाही. वारस म्हणून अर्ज करता येतो.

दोन, पुस्तकातलं बोअर आणि नळीवर कोरलेलं बोअर जुळवा. जुळलं नाही तर एकही गोळी घेऊ नका, आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारा.

तीन, हत्यार परवानाधारक गनस्मिथला दाखवा. नळी, चेंबर, बोल्ट. आणि जुनी काडतुसं पण.

चार, कुणी 'मिलिटरीची ओरिजिनल' गोळी देतो म्हणाला, तर हात मागं घ्या. ती तुमच्या नळीची नाही, जनावराला नीट मारणारी नाही आणि तुमच्या परवान्यावरचीही नाही.

त्या ओळखीच्या माणसाचं काय झालं, असं भाग ऐकून खूप जणांनी विचारलं. मामांनी त्याला सांगितलं, "माझ्या रायफलीची नाही ती." फोटो डिलीट केला. तो माणूस परत आला नाही.

डुकरं मात्र आली. परवा रात्री, चिकूच्या बाजूनं. मामांनी बॅटरी मारली, पत्र्याचा डबा बडवला, चार पोरं ओरडत पळाली, आणि ती गेली. सकाळी व्हॉइस नोट आली : "मका वाचला रे. माझा घसा बसला."

पुढच्या भागात भेटू. तुमच्या आजोबांच्या हत्याराची गोष्ट असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. काडतुसाचा फोटो पाठवू नका, प्लीज.